चौथीला कुणी शिकवलं?

बडोद्यातल्या एका मराठी शाळेत आमची सहामाही चाचणी चालू होती. योजना अशी की मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळं बसवून शिकवणार. अशा मुलींना 'बालसखी' म्हणून नेमणाऱ्या, शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या उपक्रमाची पाहणी याच शहरात झाली होती. २००१ ते २००३ या काळात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काही शाळांत तिसरीला सखी दिली, काहींत चौथीला, आणि कुठे कुणाला हे सोडतीनं ठरवलं. आम्हीही तसंच केलं. या शाळेत तिसरीला सखी मिळाली; चौथी सखीविना, दुसऱ्या शाळांतल्या सखी मिळालेल्या चौथीशी तुलनेसाठी राहिली.

चौथीच्या बाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "माझ्या पोरांना गरज नाही का?" गरज होतीच. पण निवड शाळेवर सोडली, तर शेवटी दिसणारा फरक सखीचा की निवडीचा, हे सांगता येत नाही. चिठ्ठी टाकली की तो घोळ मिटतो. प्रयोगाची ही ताकद मला फार मोलाची वाटते.

त्या दिवशी चौथीतली एक मुलगी हातच्याची वजाबाकी करताना कागदाच्या कडेला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढून एकेक सोडवत होती. ही तर सखीची रीत! मागच्या बाकावरही तेच. विचारलं तर म्हणाली, "माझा भाऊ तिसरीत आहे ना, ताई. संध्याकाळी ओट्यावर तो सखी होतो आणि आम्ही सगळे त्याची पोरं."

सखीविना राहिलेली चौथी अशी सुधारली, तर सखी मिळालेल्या चौथीशी तिचा फरक आक्रसतो आणि सखीचा उपयोग आहे त्यापेक्षा कमी दिसतो. एक सहकारी म्हणाला, या मुलांना हिशेबातून वगळू. मी साफ नकार दिला. ज्या घरांत भावंडं एकमेकांना शिकवतात ती घरंच निराळी असू शकतात. ती काढली की सोडतीनं साधलेला समतोल गेला. त्याऐवजी कुणाचं भावंड तिसरीत, कोण कुणाच्या ओट्यावर खेळतं, हे आम्ही टिपलं. मी स्वतः वाड्यात जाऊन बसले. वर्गात तोंड न उघडणारी ती मुलगी धाकट्या भावाला तीनतीनदा विचारत होती, आणि तो न चिडता पुन्हा गठ्ठा सोडून दाखवत होता.

'प्रथम'च्या त्या पाहणीत बालसखीनं गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनानं (मुलांच्या गुणांत किती पसारा आहे याचं माप) वाढवले. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे ०.१० उरलं. बाकीचं कुठे गेलं, घरी सराव कुणाचा टिकला, हे गुणपत्रिकेत सापडत नाही.

शिकवणी अशी ओट्यावरून पसरते, म्हणून पुढच्या फेरीत वर्गांऐवजी अख्ख्या वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, असा आग्रह मी धरला आहे. त्याला वस्त्या खूप लागतील, खर्चही वाढेल. बाईंच्या चौथीला मात्र यंदा सखी मिळावी, हेही त्याच पत्रात लिहिलंय.