ह्लेबिने : काचेच्या पाठीमागून रंगवलेलं गाव

झाग्रेबहून रेल्वेने कोप्रिव्नित्सा, तिथून मोटारीने ह्लेबिने. वाटेत द्रावा नदीकाठची सपाट शेतं, मका, मधूनच एखादं कौलारू घर. उत्तर क्रोएशियातल्या या खेड्यात मी आले ती चित्रकार इव्हान गेनेरालिच यांच्यासाठी.

१९१४ साली इथल्याच शेतकरी घरात ते जन्मले. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. १९३० मध्ये क्र्स्तो हेगेदुशिच या चित्रकाराने त्यांची रेखाटनं पाहिली, उत्तेजन दिलं, पण अकादमीची शिस्त त्या पोरावर लादली नाही. हेगेदुशिच यांचा मोठेपणा मला यातच वाटतो. पुढच्याच वर्षी ‘झेम्ल्या’ या कलावंतांच्या गटाच्या झाग्रेबमधल्या प्रदर्शनात इव्हानची चित्रं लागली.

गावात १९६८ पासून कलादालन आहे. तिथे मी काचेवरच्या चित्रांपाशीच रेंगाळले. ती काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात, त्यामुळे सगळा क्रम उलटा. कॅनव्हासवर आधी आभाळ येतं आणि गाईच्या डोळ्यातला ठिपका शेवटी. इथे ठिपका पहिला. मग गाय, कुंपण, झाडं आणि सरतेशेवटी आभाळ. डावं-उजवंही उलटं. गाईमागे कुरण भरलं, की त्या डोळ्याला पुन्हा हात लावणं अवघड. म्हणजे कुंचला उचलण्याआधीच अख्खं चित्र मनात तयार हवं! पोवळ्यासारख्या त्या बारीक फांद्या बघताना हे सारखं जाणवत होतं. भाबड्या हाताची करामत म्हणून ही कला बाजूला सारणं मला मुळीच पटत नाही.

आणि त्यांचं खेडं नुसतं देखणं नाही. १९३४ च्या ‘रेक्विझित्सिया’मध्ये शेतकऱ्याच्या घरावर आलेली जप्ती आहे. मिर्को व्हिरिउस हा त्यांचा शेतकरी-चित्रकार सोबती १९४३ मध्ये झेमुनच्या छळछावणीत मरण पावला; सोळा वर्षांनी गेनेरालिच यांनी त्याचा मृत्यू रंगवला. सोबत्याला विसरणं त्यांना जमलं नाही, आणि ते चित्र माझ्या मनातून जात नाही.

१९५३ मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं, नाव जगभर गेलं. तरी चित्रांतून हे खेडं सुटलं नाही. मुलगा योसिपही चित्रकार झाला, गावातले इतरही काचेकडे वळले. गेनेरालिच १९९२ मध्ये गेले.

इकडे यायचं तर झाग्रेबच्या वरच्या शहरातलं नाईव्ह कलेचं, म्हणजे कलेचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या चित्रकारांच्या कलेचं, संग्रहालयही जरूर पाहा. हरणांच्या वरातीचं त्यांचं १९५९ मधलं चित्र बघायला निवांत वेळ ठेवा.