विश्वस्त आणि लाभार्थी यांच्यामध्ये येणारे हित

कौटुंबिक ट्रस्टमधील विश्वासभंग म्हटले की विश्वस्ताने पैसे लाटले असणार, असे आपण गृहीत धरतो. ऑस्ट्रेलियातील हँकॉक कुटुंबाचा खटला माझ्या लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणाने. तेथील मुख्य वाद संपत्ती कोणी खाल्ली याचा नव्हता, तर ती लाभार्थ्यांच्या हाती कधी द्यायची आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, याचा होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील लोहखनिजावर गब्बर झालेल्या लँग हँकॉक यांनी १९८८ मध्ये आपल्या चार नातवंडांसाठी ट्रस्ट केला आणि त्याला दिवंगत पत्नीचे, होप मार्गारेट हँकॉक यांचे, नाव दिले. हँकॉक प्रॉस्पेक्टिंग या कौटुंबिक कंपनीचे सुमारे २३ टक्के शेअर या ट्रस्टमध्ये होते. १९९२ मध्ये लँग वारले आणि त्यांची कन्या जीना राइनहार्ट विश्वस्त झाल्या. कंपनीच्या अध्यक्षा त्याच, उरलेल्या शेअरवर सत्ता त्यांचीच, आणि ट्रस्टचे लाभार्थी म्हणजे त्यांचीच चार मुले. सर्वांत धाकटी मुलगी २५ वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे सप्टेंबर २०११ मध्ये, ट्रस्टची मुदत संपून ते शेअर मुलांच्या हाती यायचे होते.

त्या वाढदिवसाला काही दिवसच उरले असताना आईचे मुलांना पत्र गेले: आता शेअर घेतलेत तर भांडवली नफ्यावरील कराच्या बोजाने तुमचे दिवाळे निघेल. ट्रस्टची मुदत त्यांनी २०६८ पर्यंत लांबवली. त्या वर्षी धाकटी मुलगी ८२ वर्षांची झाली असती. जॉन, बियांका आणि होप ही तीन मोठी मुले न्यू साउथ वेल्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. धाकटी जिनिया आईच्या बाजूने उभी राहिली. पुढे होप यांनी खटल्यातून अंग काढून घेतले.

कराची भीती कितपत खरी होती, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. ती खरी असती तरी लाभार्थ्यांना स्वतंत्र सल्ला घेता यावा एवढ्या अवधीने आणि सगळी कागदपत्रे पुढे ठेवून तसे सांगणे हे विश्वस्ताचे काम होते. मुदत डोक्यावर आली असताना दिलेली माहिती ही माहिती न राहता दडपण होते. हा वाद जनतेपासून गुप्त ठेवावा, यासाठीही राइनहार्ट यांनी वरच्या न्यायालयांपर्यंत धडपड केली, पण ती निष्फळ ठरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये, सुनावणीच्या तोंडावर, त्यांनी विश्वस्तपद सोडण्याची तयारी दाखवली. मे २०१५ मध्ये न्यायमूर्ती पॉल ब्रेरटन यांनी बियांका यांना विश्वस्त नेमले, आणि नियंत्रण आपल्याकडे ठेवण्यासाठी आईने असाधारण थराला जाऊन प्रयत्न केल्याचे निकालात नोंदवले.

हे सारे वाचताना मला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ मधील कलम ६० आठवत राहिले. ट्रस्टची मालमत्ता योग्य व्यक्तींच्या हाती असावी हा लाभार्थ्याचा हक्क आहे, असे ते सांगते, आणि अयोग्य कोण याची यादीही देते. लाभार्थ्याच्या हिताशी विसंगत असे स्वतःचे हित असलेला माणूस त्या यादीत आहे. परदेशात अधिवास असलेला माणूसही आहे, ही गोष्ट अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाला विश्वस्त नेमू पाहणाऱ्या पुण्यामुंबईच्या आईवडिलांनी वकिलाला अवश्य विचारावी. कलम १९ प्रमाणे विश्वस्ताने स्पष्ट आणि अचूक हिशेब ठेवायचे असतात, कलम ५७ प्रमाणे लाभार्थ्याला न्यासपत्र, म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्तऐवज, आणि हिशेब पाहता येतात, आणि कलम ५१ विश्वस्ताला ट्रस्टची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरू देत नाही. कायदा इतका स्पष्ट असूनही आपल्या घरांत थोरल्या काकांकडे हिशेब मागितला की अविश्वास दाखवल्याचे पातक लागते, आणि मग पुतणे वर्षानुवर्षे गप्प बसतात. असा खाजगी ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येत नसल्याने धर्मादाय आयुक्तांकडे धाव घेऊनही उपयोग नसतो. दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

त्या पायरीबाबत मात्र दोन देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. हँकॉक कुटुंबात पूर्वी झालेल्या करारांत गोपनीय लवादाची, म्हणजे न्यायालयाबाहेर खाजगी पंचांपुढे वाद सोडवण्याची, तरतूद होती. दडपण आणि अपुरी माहिती यांमुळे ते करारच अवैध आहेत असे मुलांचे म्हणणे होते, पण हा वादही लवादापुढेच जावा, असे ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तिथे हेच सर्वांत वरचे न्यायालय) मे २०१९ मध्ये ठरवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मुंबईहून आलेल्या एका कौटुंबिक ट्रस्टच्या प्रकरणात नेमके उलटे सांगितले होते: न्यासपत्रात लवादाचे कलम असले, तरी त्यावर सही न केलेल्या लाभार्थ्यांना ते बांधत नाही, आणि १८८२ च्या अधिनियमाखालील वादांसाठी त्या कायद्यातच न्यायालयाची वाट आखलेली असल्याने ते लवादापुढे नेता येत नाहीत. आपल्याकडचे खटले लांबतात हे मान्य करूनही मला हीच भूमिका रास्त वाटते, कारण ज्याची तक्रारच माहिती दडवल्याची आहे, त्याला बंद दाराआडच्या सुनावणीत पाठवले तर पुढच्या लाभार्थ्याला त्या निकालाचा आधारही घेता येत नाही.