टीपॉय

आमच्या दिवाणखान्याच्या मधोमध गेली अकरा वर्षे काचेचा एक टीपॉय उभा होता. त्याच्यावर वर्तमानपत्र, चष्म्याचे घर आणि कधीमधी चहाचा कप एवढेच असे. पण साडेतीन वर्षांची नात ऐन पावसाळ्यात आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ‘पळू नकोस, लागेल’ हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा तरी बोलत असेन, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा या टीपॉयच्या कोपऱ्यांत असे. तिसऱ्या दिवशी मी आणि मुलाने तो उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला. आमच्या हिशेबाने जेमतेम चार बाय दोन फुटांची जागा रिकामी झाली; नातीच्या हिशेबाने मात्र सोफ्यापासून टीव्हीच्या कपाटापर्यंत सलग पळायला मैदान मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांपैकी किमान ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी असावीत, आणि पडद्यासमोर बसून राहणे तासाभराच्या वर जाऊ नये. तीन तास हा आकडा ऐकून सुनेच्या पोटात गोळा आला होता. परंतु हे तीन तास सलग नसतात, दिवसभर विखुरलेले असतात. आमची नात चार मिनिटे वाऱ्यासारखी पळते, मग सतरंजीचे गोंडे मोजत बसते, आणि आपण वर्तमानपत्र उघडले रे उघडले की पुन्हा उठते.

तिचा आवडता खेळ जमीन-पाण्याचा. सतरंजी, चौरंग आणि तीन उशा ही जमीन, बाकी सगळी फरशी म्हणजे पाणी. उशांमधले अंतर मी रोज वीतभर वाढवतो, तसतशी ती उडी मारण्यापूर्वी गुडघ्यांत अधिक वाकते आणि हात मागे नेते. हे तिला कोणीही शिकवलेले नाही. लंगडी अजून जमत नाही. एका पायावर उडी मारणे बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास साधते, त्यामुळे सध्या भिंतीला हात लावून बगळ्यासारखे उभे राहण्यावर आम्ही समाधान मानतो. फुगडी मात्र माझ्यावर उलटली. चार गिरक्या घेऊन थांबलो, तरी कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव काही क्षण फिरतच राहतो, म्हणून खोली गरगरते. नातीला त्यातच मौज वाटते, तर मला सोफ्याचा हात धरावा लागतो. पायमोजे घालून यांतला एकही खेळ खेळू नये. या गुळगुळीत फरशीवर मी ते शिकलो, आणि कसे शिकलो हे सांगत नाही.

माझे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. दहा बाय बाराच्या खोलीत खेळायला जागा नव्हती, तरी बाहेरची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचीच होती, आणि लक्ष ठेवायला प्रत्येक दारात कोणी ना कोणी गहू निवडत बसलेले असे. आमच्या वडिलांना किंवा आजोबांना त्यासाठी कधी घोडा व्हावे लागले नाही. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये ती सगळी दारे एकट्या माणसाला व्हावी लागतात, आणि नुसते ‘खेळ बरं’ म्हणून भागत नाही. मी खुर्चीतून सांगत होतो तोवर ती मोबाइल मागत होती. मी जमिनीवर उतरलो, तेव्हा तिने आधी पाठीवर चढून घेतले.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना हे सारे डोक्यावर ऐकू येत होते. त्यांची दुपारची झोप मोडली, तेव्हा ते तक्रार घेऊन वर आले. त्यांचे म्हणणे रास्तच होते. सतरंजी दुहेरी घालायची आणि दुपारी दोन ते चार या वेळेत उड्या बंद, असे मी कबूल केले. तेवढ्यात नात चौरंगावरून ओरडली, ‘आजोबा, तुम्ही पाण्यात उभे आहात!’ गृहस्थ क्षणभर गोंधळले, आणि मग सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. चहा आला, पण कप ठेवायला टीपॉय नव्हता, त्यामुळे तो शेवटपर्यंत त्यांना हातातच धरून बसावे लागले.