विलेमस्टाड पायी बघायचं तर पुलाकडे लक्ष ठेवा

कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाची राजधानी विलेमस्टाड दोघांना एका दिवसात पायी आरामात बघून होते. शहराचे दोन भाग: सेंट आना खाडीच्या पूर्वेला पुंडा आणि पश्चिमेला ओत्रोबांडा. मधे 1888 पासूनचा क्वीन एमा पूल. 1974 मध्ये उंचावरचा क्वीन जुलियाना पूल झाला, तेव्हापासून हा फक्त पादचाऱ्यांसाठी आहे.

पूल तराफ्यांवर तरंगतो. ओत्रोबांडाच्या टोकाला बिजागरी, पुंडाच्या टोकाला चालकाची केबिन आणि डिझेल इंजिनं. जहाज येणार असलं की घंटा वाजते, फाटक बंद होतं आणि अख्खा पूल दारासारखा फिरून ओत्रोबांडाच्या काठाला लागतो. नारिंगी झेंडा असेल तर थोडा वेळ थांबा, निळा असेल तर बराच वेळ लागणार म्हणून सरळ मोफत फेरीबोट पकडा. फाटक लागायच्या आत पुलावर असाल तर वरच उभं राहून पुलाचं ते फिरणं अनुभवता येतं, आणि ते चुकवू नयेच. खरेदीसाठी दोघं वेगळे होणार असाल तर भेटायची जागा कुठल्या काठावर, हे आधी ठरवा. नाहीतर एक इकडे, एक तिकडे आणि मधे टँकर.

क्रूझचा धक्का ओत्रोबांडाला आहे. तरी सकाळी आधी पुंडा गाठा. हँडल्सकाडे या पुंडाच्या काठावरच्या रस्त्यावरच्या रंगीत इमारतींचं तोंड पश्चिमेकडे असल्याने सकाळी त्या सावलीत असतात, तेव्हा फोटोची घाई नको. हे रंग 1817 च्या हुकमाचे: पांढऱ्या भिंतींवरच्या उन्हाच्या तिरीपीने गव्हर्नरचं डोकं दुखायचं म्हणे. रंगाच्या धंद्यात त्याचाच पैसा होता, असंही लोक सांगतात.

फोर्ट अ‍ॅमस्टरडॅममधल्या चर्चच्या भिंतीत 1804 च्या इंग्रज हल्ल्यातला तोफगोळा अजून रुतलेला आहे. तिथून पाच-दहा मिनिटांवर 1732 चं मिकवे इस्राएल-इमॅन्युएल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आत जमिनीवर वाळू पसरलेली आहे. इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, ज्यू लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज दाबायला वाळू टाकत, त्याची ही आठवण, असं एक कारण देतात. शनिवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, आणि रविवारी पुंडातली बहुतेक दुकानंच बंद. आठवड्यातला मधला वार निवडा.

जेवण पुंडातल्या प्लासा बिऊ या जुन्या बाजारातच. मोठ्या छपराखाली रांगेने स्वयंपाकघरं, समोर लांब सामायिक बाकं. बारा वाजायच्या आसपास पोचा, कारण चांगले पदार्थ उशीर केला की संपतात. बकरीच्या मटणाचा काब्रितु स्टोबा मागवा, सोबत फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. ताटं मोठी असतात. दोघांत एक स्टोबा आणि एक गियाम्बो पुरेल. गियाम्बो म्हणजे भेंडीचं तार सुटणारं सूप, पण त्यात मासे आणि खारवलेलं मांस असतं. शाकाहारी मंडळींनी भेंडी दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. फुंची आणि तळलेलं केळं मागावं, तेही विचारून.

31 मार्च 2025 पासून इथलं चलन कॅरिबियन गिल्डर आहे. डॉलर चालतात, पण सुट्टे गिल्डरमध्येच मिळतात, म्हणून लहान नोटा ठेवा. नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं केलेलं असतं आणि बिनधास्त पिता येतं; बाटल्या विकत घेणं म्हणजे उगाच खर्च. पूर्वेचा वारा सतत वाहतो, त्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली कळते. सनस्क्रीन दुपारी पुन्हा लावा. टोपीला नाडी हवी, पुलावर ती हमखास उडते.

दुपारनंतर ओत्रोबांडाला परता. आता हँडल्सकाडेवर समोरून ऊन पडतं, फोटो इथूनच. त्याआधी कुरा हुलांडा संग्रहालयाला दीड तास द्या. गुलामांच्या व्यापाराचं हे प्रदर्शन धावत बघण्यासारखं नाही. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा.

परतताना टॅक्सी लागलीच तर तिला मीटर नसतो. भाडं बसण्याआधी बोलून घ्या, आणि ते डॉलरमध्ये सांगितलं की गिल्डरमध्ये तेही विचारा.