आळ बॅटरीवर

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवल्यावर एखाद्या गाडीनं नुसतं 'टक्' केलं, की दोन मिनिटांत तिथं चार माणसं गोळा होतात आणि निकाल लागतो : बॅटरी गेली. वॉचमन सांगतो, दूधवाला सांगतो, आणि ज्यांनी जन्मात कधी बॉनेट उघडलं नाही ते दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून सांगतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत एवढं एकमत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बॅटरीचं दुर्दैव असं, की ती दिसते. बॉनेट उघडलं की समोर चौकोनी डबा, त्यावर कंपनीचं ठसठशीत नाव, सोबत वॉरंटी कार्ड, जुनी परत दिली की नवीवर सूट. दुकानदाराला विकायला सोपी आणि गिऱ्हाइकाला कळायलाही सोपी. ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारं यंत्र, तिथंच चार विती खाली, बेल्टच्या आड, इंजिनाला चिकटून, धुळीनं माखलेला. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकांखाली लिंबं जातात, बॅटरीलाही हळदीकुंकवाचं बोट लागतं. ऑल्टरनेटरच्या वाट्याला काही येत नाही. दिवसभर राबणारा मात्र तोच.

गाडीतला विजेचा हिशेब घरखर्चासारखा असतो. ऑल्टरनेटर हा पगार, बॅटरी म्हणजे डब्यात ठेवलेले अडीनडीचे पैसे. सेल्फ मारताना लहान पेट्रोल गाडी शंभर-दीडशे अँपिअर ओढते. आकडा ऐकून छाती दडपते, पण काम दोनेक सेकंदांचं. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून त्यात पाव टक्का जेमतेम जातो. एकदा इंजिन लागलं की हेडलाइट, वायपर, पंखा, हॉर्न, इंजेक्टर सगळं पगारातून भागतं, वर सकाळी डब्यातून काढलेलं परतही ठेवलं जातं. आता पगार थांबला, तर घर काही त्याच दिवशी बंद पडत नाही. डबा असतो. गाडी चालत राहते, पावसाळी रात्र असेल तर जरा कमी वेळ. मग हेडलाइट पिवळे पडतात, वायपर रेंगाळतात, हॉर्नचा घसा बसतो. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली की टक्. डबा रिकामा म्हणून आपण डब्यालाच नावं ठेवतो आणि भरलेला नवा डबा घेऊन येतो. दोन दिवस गाडी फर्स्ट क्लास चालते. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्, आणि मग त्या बॅटरीवाल्याशी भांडण.

मला या बाबतीत शोरूमपेक्षा गल्लीतला वायरमन जवळचा वाटतो. शोरूममध्ये 'असेंब्ली' बदलतात. तिथल्या इस्टिमेटच्या कागदावर दुरुस्तीसाठी रकाना असतो की नाही, मला शंका आहे. वायरमन ऑल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतो, पण आधी विचारतो आणि मग हात घालतो. "लाइट लावून सेल्फ मारा," हे त्याचं पहिलं वाक्य. लाइट विझल्यागत झाले आणि टकटक आलं, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला पकड नाही. लाइट ढिम्म हलले नाहीत आणि एकच टक् आलं, तर बॅटरी निर्दोष, सेल्फकडे बघा. मग तो टर्मिनलला बोट लावतो. सेल्फ मारल्यावर टर्मिनल गरम लागलं, तर वीज तिथंच अडकतेय. त्यावर बहुतेक वेळा पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. ती उकळत्या पाण्यानं धुवायची, घासायची, टर्मिनल घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलीन फासायचं. कितीतरी 'गेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यावर परत येतात.

मीटर तो नंतर काढतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट आले तर पोट भरलेलं, १२.२ आले तर अर्धं, आणि १२ च्या खाली सगळा आनंद. इंजिन चालू केल्यावर काटा १३.८ ते १४.४ च्या मध्ये कुठंतरी चढायला हवा. तिथं न चढता बारावरच रेंगाळला, तर डायनामो भरत नाही. उलट १५ च्या वर गेला, तर व्होल्टेज आवरून धरणाऱ्या रेग्युलेटरनं लगाम सोडलाय : बॅटरीतलं पाणी उकळून उडतं, सडक्या अंड्याचा वास येतो, बल्ब पटापट उडतात. यातही बदनामी बॅटरीचीच, "पाणी फार पिते" म्हणून.

त्याची खरी करामत स्क्रू ड्रायव्हरची. किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक ऑल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगपाशी. आतल्या फिल्ड कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, करंट मिळत असेल तर ती लोहचुंबक होते आणि टोक 'चट्' करून ओढलं जातं. नाही ओढलं, तर कॉइलला करंट पोचवणारे कारबन झिजलेत किंवा करंटच पोचत नाही. मग तो पान्याच्या दांड्यानं ऑल्टरनेटरला दोन हलके टोले देतो. टोल्यासरशी चार्जिंग सुरू झालं, तर तो खिशात हात घालून हसतो, कारण अडकलेले कारबन बदलले की काम झालं. मागच्या डायोडच्या, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागांच्या, प्लेटसाठी त्याची आणखी साधी युक्ती आहे. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या ऑल्टरनेटरला सकाळी हात लावायचा. इंजिन गार आणि तो एकटाच कोमट, तर डायोड गळतोय आणि रात्रभर बॅटरी उलटी पितोय.

डॅशबोर्डवरच्या लाल बॅटरीच्या चिन्हाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. ते लागलं की आपण घाबरतो. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर ते लागलंच नाही, तर जास्त घाबरावं. ऑल्टरनेटरला जागं व्हायला सुरुवातीला थोडा करंट लागतो आणि या गाड्यांत तो त्या बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला की चार्जिंग बंद, आणि ते सांगणारा दिवाही बंद.

एका जुन्या सवयीवर मात्र माझा राग आहे. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपटायचं, गाडी बंद पडली नाही तर डायनामो ठीक. ही परीक्षा ऑल्टरनेटरच्या आधीच्या, अँबेसेडर-फियाटच्या खऱ्या डायनामोला चालून जायची. ते डायनामो मंदही होते. सिग्नलला इंजिन हळू पडलं की लाल दिवा मिणमिणायचा, म्हणजे तेवढा वेळ घर डब्यावर. १९६० च्या व्हॅलियंटवर क्रायस्लरनं ऑल्टरनेटर बसवला, सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि हळूहळू सगळीकडे तोच आला. तो सिग्नलवरही बरंच भरतो. पण भरत असताना मधूनच बॅटरी काढली तर त्याचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, कधी गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, घेऊन जातो. चांगल्या गाडीत बिघाड घालून तो शोधून दाखवायची ही पद्धत अजूनही पुष्कळ ठिकाणी आत्मविश्वासानं चालते.

एसटीला धक्का मारलेली पिढीही जाता जाता सल्ला देते, "अरे, ढकला, लागेल." जुन्या डिझेलच्या पंपाला विजेचं फारसं काम नव्हतं. चाकं फिरली, इंजिन फिरलं, डिझेल गेलं, गाडी लागली. म्हणून तर ड्रायव्हर मुक्कामी गाडी उतारावर लावायचे. आताच्या पेट्रोल गाडीत पंपही विजेवर, इंजेक्टरही विजेवर आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटरही विजेवर. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तर धक्का उपयोगी पडतो. पूर्ण मेलेली असेल तर ढकलणाऱ्यांचा व्यायाम होतो.

बॅटरीची खरीखुरी चूक नसताना ती मेली, असं २०२० च्या लॉकडाउनमध्ये गल्लोगल्ली झालं. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक हे थोडं थोडं खात असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत खाणं रीतसर समजतात. तेवढ्यानंही ३५ अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात तळ गाठते. डिकीतला ५ वॉटचा दिवा चुकून चालू राहिला तर साडेतीन दिवसांत. आणि अशी खडखडीत रिकामी बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देऊन उठवली, की लोक "आता फिरवून आणतो, भरेल" म्हणून हायवेला निघतात. ऑल्टरनेटर तूट भरून काढायला असतो, रिकामी विहीर भरायला नाही. त्याला तापवण्यापेक्षा बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवलेली बरी. थोडे पैसे घेऊन हे काम करणारी दुकानं कमी होत चाललीत, हे खरं.

नव्या गाड्यांनी मीटरवाल्यांचाही गोंधळ उडवलाय. काहींचा ऑल्टरनेटर आता कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून भरतो. बॅटरी भरलेली असेल तर पेट्रोल वाचवायला मुद्दाम हात आखडता घेतो, ब्रेकच्या वेळी जोरात भरतो. चालू गाडीत १२.८ दिसले म्हणून माणूस धावत येतो आणि बिघाड काहीच नसतो. इलेक्ट्रिक गाडीत तर ऑल्टरनेटरच नाही. पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी तिथंही आहे. मोठ्या बॅटरीचा स्विच आतून जोडायला हीच लागते, त्यामुळे पोटात अडीचशे किलोमीटर भरलेले असूनही ती उतरली की गाडी दगड.

आमच्या वायरमनकडे अशी एक गाडी आली. त्यानं खाली वाकून बघितलं. "काका, डायनामो कुठंय हिला?"

"नाहीच."

"मग हिला भरतंय कोण?"

मी कन्व्हर्टरचं समजावायला लागलो, मोठ्या बॅटरीतले शेकडो व्होल्ट तो चौदावर कसे आणतो वगैरे. त्यानं अर्ध्यातच हात वर केला, टर्मिनलवरची हिरवी बुरशी दाखवली आणि पोराला शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणायला पिटाळलं.