बसपुढची नऊ मुले

वाहनचालकांसाठी शालेय बस-सुरक्षेचे वर्ग मी घेतो. सुरुवातीला मी फळ्यावर आकडे लिहीत असे: ताशी 50 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एका बसच्या लांबीएवढे अंतर सरलेले असते. चालक माना डोलावत आणि निघून जात. शेवटी मी फळा सोडून वर्ग मैदानात नेला.

त्या दिवशी उभ्या बसच्या पुढे आणि दाराजवळ खडूच्या खुणा करून मी नऊ मुलांना उभे केले होते. इंजिन बंद होते, चाकांना ठोकळे लावलेले होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. तीस वर्षे मालमोटार चालवलेले एक गृहस्थ चालकाच्या आसनावर चढले. “बस थांबली की आम्ही बाजूने निघून जातो, त्यात चुकलं कुठं? पोरांना आईबापांनी शिकवावं,” असे ते आधीच सुनावून बसले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की किती मुले दिसतात.

“पाच.” मग बहिर्वक्र आरशात डोकावून, “नाही, आठ.”

नववे मूल आसनावरून दिसत नसेल असे समजून मी त्यांना खाली बोलावले, कारण बॉनेटच्या अगदी लगत उभे असलेले लहान मूल उंच आसनावरून झाकले जाते, हेच मला दाखवायचे होते. पण खाली उतरल्यावरही मुले आठच भरली. नववी मुलगी पुढच्या चाकाच्या आत ओणवी होऊन घरंगळत गेलेली पाण्याची बाटली ओढत होती. तिचे फक्त बूट बाहेर दिसत होते. हे माझ्या आखणीत नव्हते. मीही त्या क्षणी नऊ मुले खुणांवरच आहेत असे धरून चाललो होतो.

ती बाहेर आली, तशीच बाटली घट्ट धरून बसच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत धावली आणि थांबली. मी त्या गृहस्थांना तिच्याशेजारी, तिच्या उंचीला गुडघ्यांवर बसायला सांगितले. तिथून मागून येणारे वाहन दिसत नाही, आणि त्या वाहनाच्या चालकालाही ती बसच्या आडून पाऊल पुढे टाकेपर्यंत दिसत नाही. ताशी 30 किलोमीटर वेगातही एका सेकंदात 8 मीटरहून अधिक अंतर जाते. शिवाय वाहन किती वेगात येत आहे याचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही, त्यामुळे केवळ त्यांना शिकवून भागत नाही. अमेरिकेत आणि कॅनडात बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्या वाहनाने थांबणे सक्तीचे असते, ते याच आडोशामुळे.

गृहस्थ बराच वेळ गुडघ्यांवरच होते. पुढचा चालक आसनाकडे निघाला तेव्हा त्यांनी त्याला हाताने अडवले, वाकून बसखाली पाहिले आणि एकेका मुलाकडे बोट करत मोठ्याने नऊपर्यंत मोजले.