सातबारा होता, शेत नव्हतं

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी जवळ आली की आमच्या तिवसा तालुक्यात भजनी मंडळांची धांदल उडते आणि तिच्यामागे माझी. माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे घरामागची दहा बाय बाराची खोली. भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. शहरातले फोम पाहून हसतात, पण कापूस आवाज चांगला पितो आणि आमच्याकडे त्याची वाण नाही.

यंदा मी नेमका पुण्यतिथीच्या तोंडावर कॉम्प्युटर बदलला. हौस नव्हती. 2011 पासूनच्या जुन्या मशीनची हार्डडिस्क टकटक करू लागली होती. त्यावर सगळा 32 बिटचा कारभार, म्हणजे 4 जीबीच्या वर मेमरी वापरताच येत नाही. नवं मशीन घेतलं, रेकॉर्डिंगच्या त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली, रात्रभर फोल्डर कॉपी केले आणि निवांत झोपलो.

सकाळी आठलाच मंडळाचे काकाजी हजर.

"बाप्पू, मांगच्या सालचं भजन हाय ना, त्यातलं ठेकेदाराचं नाव काढून टाक. त्याचं आन् आमचं बोलणं बंद हाय. भजन तेच ठेव, नाव तेवढं काढ."

सुरुवातीला 'यांच्या सौजन्याने' अशी घोषणा होती आणि ती खंजिरीच्या ठेक्यावरच बोललेली. तयार एमपीथ्रीतून नाव कापलं तर ठेकाही कापला जाणार. म्हणून मूळ प्रोजेक्टच उघडायला हवा, ज्यात प्रत्येक आवाज आपापल्या ट्रॅकवर वेगळा असतो.

उघडला. चौदा ट्रॅकपैकी नऊ कोरे. प्रत्येकावर 'फाइल सापडत नाही'.

काकाजींना समजावताना मलाच नीट समजलं. प्रोजेक्टची फाइल म्हणजे सातबारा. कोणता आवाज कोणत्या ठिकाणी आहे एवढंच त्यात लिहिलेलं असतं, शेत काही त्या कागदात नसतं. जुन्या मशीनवर मी निम्मी रेकॉर्डिंग आळसाने डी ड्राइव्हवर टाकली होती आणि नव्या मशीनला डी ड्राइव्हच नव्हता. कॉपी केलेले फोल्डर शोधून एकेक फाइल पुन्हा जोडून दिली. अर्धा तास गेला, पण गळे आले, पेटी आली, खंजिरी आली.

तबला आला नाही.

तबला खरा नव्हताच. वाजवणाऱ्याला त्या दिवशी ताप होता, म्हणून मी कीबोर्डवर बोटांनी वाजवला होता. अशा ट्रॅकमध्ये आवाज नसतो, कोणता बोल कधी आणि किती जोरात एवढीच नोंद असते. ती नोंद वाचून वाजवणारं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, वेगळं. ते 32 बिटचं, नवी आवृत्ती 64 बिटची, ती त्याला दारातही उभं करत नव्हती. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे 64 बिटचं मागायचं कोणाला?

"आता कसं कराचं गा?" काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

एकच वाट होती. जुनं मशीन पुन्हा जोडलं, बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन तोंडावर लावला. तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर सुरू झालं. मग एकेक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढायला घेतला. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढायची, गाणारा तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडत असला तरी. मगच नव्या मशीनवर सगळे एका रेषेत बसतात. नाहीतर खंजिरी एकीकडे आणि गळा दुसरीकडे. 24 बिटला मोनोचं एक मिनिट साधारण 8 एमबी होतं. सात मिनिटांचं भजन, चौदा ट्रॅक, म्हणजे पाऊण जीबीच्या आसपास. एका पेनड्राइव्हचं काम. हे मला गेल्या वर्षीच सुचायला हवं होतं.

नवव्या ट्रॅकला लाइन गेली. यूपीएस जेमतेम दहा मिनिटं ओढतो. मी आधी तबला काढायचा सोडून गळे काढत बसलो होतो, जे नव्या मशीनवर आलेच होते! घाईघाईने तबला घेतला. पट्टी सरकत होती आणि यूपीएस चिमणीच्या पिलासारखा ओरडत होता. फाइल पूर्ण झाली, पेनड्राइव्हवर गेली, आणि मिनिटभरात सगळं काळं.

लाइन दीडला आली. नव्या मशीनवर फाइली मांडल्या. त्यात एक ट्रॅक मी तेव्हा म्यूट करून ठेवलेला होता, तो सुटा वाजवला तर काकाजींचाच आवाज: "थो पंखा बंद कर ना बे!" काकाजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

नवी घोषणा बोलायला ते माइकसमोर बसले. पूर्वी हेडफोनमध्ये त्यांची तक्रार असायची, "माया आवाज मांगून आयकू येते." खरीच होती ती. कॉम्प्युटर आवाज थोडाथोडा साठवून पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. जुन्या मशीनला तो 1024 सॅम्पलच्या, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या तुकड्यांच्या, खाली चालत नसे, म्हणजे जातानाच 23 मिलिसेकंद गेले, येताना आणखी. आता 128 वर ठेवला, तीनच्या आत. काकाजी काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक होतं.

बोलणं पाच वेळा घ्यावं लागलं. शेजारच्या वावरात सोयाबीनचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, सुरू होता, गाद्यांनाही ऐकेना. शेवटी मीच जाऊन दोन मिनिटं बंद करायला विनवलं.

जुनं मशीन भंगारात दिलेलं नाही. आणखी चाळीसेक गाण्यांचा तबला त्यातच अडकला आहे. रोज पहाटे थंड हवेत दोन गाणी काढतो, टकटक वाढली की बंद करतो.